पाणी ताकासारखे, पाणी हिरवे : तरणतलावाविषयी वाचकांचे प्रश्न

उन्हाळ्याची सुट्टी लागली की या सदराच्या टपालात तरणतलावांच्या तक्रारी वाढतात. यंदा आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. मोजमापासाठी सर्वत्र पीपीएम हे एकक वापरले आहे. एक पीपीएम म्हणजे एका लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम, म्हणजेच लाख लिटरच्या तलावात १०० ग्रॅम. हा एक हिशेब लक्षात राहिला तर पुढची बहुतेक गणिते तोंडी करता येतात. पीएच म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा (७ म्हणजे मध्य), अल्कलिनिटी म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता, हार्डनेस म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा जडपणा आणि मुक्त क्लोरीन म्हणजे अजून खर्च न झालेला क्लोरीन.

प्रश्न : आमच्या सोसायटीचा तलाव १५ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल आहे. तो बोअरवेलच्या पाण्याने भरला असून उन्हाळ्यात टँकरने भर घालावी लागते. गेले तीन आठवडे पाणी ताकासारखे पांढरट दिसते आहे. देखभाल करणाऱ्या माणसाने दोनदा तुरटी फिरवली, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर तो रोजच टाकतो, तरीही फरक पडत नाही. तपासणीत पीएच ८.२, मुक्त क्लोरीन १ पीपीएम, अल्कलिनिटी २६० आणि हार्डनेस ५५० असे आकडे आले. सगळे पाणी काढून नवे भरावे, असा सभासदांचा आग्रह आहे. तो योग्य आहे का?
— सोसायटीचे सचिव, बाणेर, पुणे

उत्तर : नाही. आपण जे नवे पाणी भराल ते त्याच बोअरवेलचे असेल, आणि दीड लाख लिटर पाणी गटारात सोडून दीड महिन्यानंतर आपण मला हेच पत्र पुन्हा लिहाल.

त्याआधी एक गोष्ट आजच करावी. काठावर उभे राहून सर्वांत खोल जागेच्या तळाची जाळी पाहावी. जाळीच्या फटी स्पष्ट दिसत नसतील तर तलाव बंद ठेवावा, मग सुट्टीत मुलांची कितीही कुरकुर होवो. ताकासारख्या पाण्यात तळाशी गेलेला माणूस वरून दिसत नाही. गढूळ पाण्याचा सर्वांत मोठा धोका जंतूंचा नसून हा आहे.

आता निदानाकडे वळू. पाणी पांढरट होण्याची कारणे निरनिराळी असतात आणि उपाय एकमेकांच्या विरुद्ध असू शकतात, म्हणून काहीही टाकण्याआधी एक साधी परीक्षा करावी. स्वच्छ काचेचा पेला कोपरापर्यंत हात बुडवून तलावाच्या पाण्याने भरावा आणि काळ्या कागदासमोर ठेवावा. पाणी खालून वर असे मिनिटभरात आपोआप स्वच्छ होत गेले तर तो गढूळपणा नव्हेच, ते हवेचे सूक्ष्म बुडबुडे असतात. पंपाच्या झाकणाखालचा रबरी वायसर किंवा सक्शनच्या पाइपाचा एखादा सांधा हवा ओढत असतो. बुडबुडे नसतील तर पेल्यात दोन चमचे पांढरे व्हिनेगर घालून ढवळावे. पाणी निवळले तर आत चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आहे. व्हिनेगर घालूनही पेला तसाच राहिला तर शेवाळाची सुरुवात, घाम आणि तेलाचा मळ किंवा थकलेला फिल्टर यांच्याकडे पाहावे लागेल.

आपल्या आकड्यांवरून पेला व्हिनेगरने निवळेल, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे बोअरवेलचे पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊनच वर येते. एप्रिलच्या उन्हात तलावातून जे उडून जाते ते केवळ पाणी, क्षार मागे राहतात, आणि टँकरची प्रत्येक भर त्यांत नव्या क्षारांची बेरीज करते. पाणी तापवण्याच्या भांड्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तीच क्रिया आपल्या तलावात मोठ्या प्रमाणावर चालू आहे. त्यातच टीसीएल पावडर, अर्थात ब्लीचिंग पावडर, चुन्यापासूनच तयार होते. ती ताजी असताना तिच्यात वजनाच्या साधारण एक तृतीयांश क्लोरीन असतो आणि उरलेला बराचसा भाग चुना असतो. ग्रामपंचायतीच्या विहिरीसाठी ती उत्तम आहे, पण आधीच चुन्याने भरलेल्या तलावात ती रोज टाकणे म्हणजे रोगावर रोगाचीच मात्रा देणे होय.

पाणी चुना सोडणार की सिमेंटमधला चुना खाणार, हे सांगणारा लँगेलिअर निर्देशांक नावाचा एक हिशेब आहे. पीएच, तापमान, हार्डनेस आणि अल्कलिनिटी यांवरून तो काढतात. शून्याच्या आसपास, फार तर ०.३ इकडे किंवा तिकडे, असेल तर पाणी समतोल मानतात. आपल्या पाण्याचा निर्देशांक १.५ च्या आसपास येतो.

याचा दुसरा परिणाम सभासदांना दिसत नाही, म्हणून तो अधिक घातक आहे. पाण्यात क्लोरीन दोन रूपांत राहतो आणि त्यांपैकी हायपोक्लोरस आम्ल हेच जंतूंना झपाट्याने मारते. पीएच ७.४ असताना निम्म्याहून अधिक क्लोरीन या रूपात असतो, तर ८.२ ला केवळ एक षष्ठांश उरतो. तपासणी संच १ पीपीएम दाखवतो ते खरेच आहे, पण त्यातला बहुतेक क्लोरीन नुसताच हजेरी लावून बसलेला आहे.

आणि तुरटी का चालली नाही? आपल्याकडे गढूळ पाणी दिसले की हात आपोआप तुरटीकडे जातो, कारण आजीने रांजणात फिरवलेली तुरटी सगळ्यांनी पाहिलेली असते. तुरटी उत्तम काम करते, पण साधारण ६.५ ते ७.५ या पीएचमध्ये. त्याहून वरच्या पीएचला तिच्यातील ॲल्युमिनिअमचा काही भाग विरघळलेलाच राहतो आणि पुढे पीएच उतरला की तोच धुरकटपणा होऊन बाहेर येतो. शिवाय जिथे नवा चुना तासातासाला तयार होतो आहे, तिथे जुना खाली बसवून काय साधणार?

म्हणून आधी पीएच आणि अल्कलिनिटी उतरवावी. त्यासाठी बाजारात साधारण ३० टक्के तीव्रतेचे हायड्रोक्लोरिक आम्ल मिळते. आपल्या दीड लाख लिटरमध्ये अल्कलिनिटी १० पीपीएमने उतरवण्यासाठी त्याचे सुमारे सव्वातीन लिटर लागतात. आपल्याला २६० वरून ८० वर यायचे आहे, म्हणजे एकूण पंचावन्न-साठ लिटर. हे ऐकून दचकू नये आणि एकदम ओतूही नये. संध्याकाळी तलाव रिकामा असताना, पंप चालू ठेवून, दोन-तीन लिटर आम्ल आधी बादलीभर पाण्यात मिसळून खोल बाजूला पसरून सोडावे. चार-पाच तासांनी पीएच मोजावा आणि तो ७.२ च्या खाली गेलेला नसेल तरच पुढची मात्रा द्यावी. आम्ल नेहमी पाण्यात घालायचे, पाणी आम्लात कधीही नाही. हातमोजे आणि चष्मा हवेतच, आणि आम्लाचा कॅन क्लोरीनच्या डब्याशेजारी ठेवू नये, कारण दोघांची गाठ पडली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. पीएच ७.२ वर आला की पाणी परत येण्याच्या जाळ्यांची तोंडे वर वळवून पृष्ठभाग खळाळता ठेवावा, कारंजे असेल तर ते चालू करावे. त्यामुळे पाण्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच पुन्हा चढतो, पण अल्कलिनिटी उतरलेलीच राहते. मग पुन्हा आम्ल, पुन्हा खळखळ. हे काम दोन-तीन आठवड्यांचे आहे, मात्र पाणी पहिल्या चार-पाच दिवसांतच उजळू लागेल.

टीसीएल बंद करून द्रवरूप सोडिअम हायपोक्लोराइट वापरावे. १० टक्क्यांचे द्रावण दीड लिटर टाकले की आपल्या तलावात क्लोरीन १ पीपीएमने वाढतो. ते सूर्यास्तानंतर टाकावे, कारण स्थिरक (उन्हापासून क्लोरीनला वाचवणारा पदार्थ) नसलेला क्लोरीन भर उन्हात दोन तासांत जवळजवळ संपतो. कॅन ताजे घ्यावेत आणि सावलीत ठेवावेत, कारण उन्हाळ्यात बंद कॅनमध्येही त्याची तीव्रता उतरत जाते.

पीएच ७.२ ते ७.४ झाल्यावर थोडा धुरकटपणा उरलाच, तर आता तुरटीची वेळ आली असे समजावे. चार-पाच किलो तुरटी विरघळवून पाणी पृष्ठभागावर सारखे पसरावे, व्हॉल्व्ह रीसर्क्युलेटवर (पाणी फिल्टर टाळून फिरते त्या खुणेवर) ठेवून तासभर फिरवावे आणि मग पंप रात्रभर बंद ठेवावा. सकाळी तळाशी राखेसारखा मऊ गाळ दिसेल. व्हॅक्यूमने तो अगदी सावकाश ओढावा आणि त्या वेळी व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर (पाणी थेट बाहेर जाते त्या खुणेवर) असावा, ‘फिल्टर’वर नाही. उमेदवारीच्या काळात पाणी वाचवण्याच्या नादात मी स्वतः हा गाळ फिल्टरवर ओढला होता. दोन दिवसांनी झाकण उघडले तेव्हा वाळूची ढेकळे झाली होती, आणि ती फावड्याने काढताना झालेली पाठदुखी मला आजही आठवते.

हार्डनेस ५५० वरून उतरवणारे कोणतेही परवडणारे रसायन नाही. जूनमध्ये गच्चीवरचे पाणी गाळून तलावात घेता आले तर ते मात्र फुकटचे मऊ पाणी आहे. तोवर पीएच ७.५ च्या वर आणि अल्कलिनिटी ८० च्या फार वर जाऊ दिली नाही, तर एवढ्या हार्डनेसलाही पाणी स्वच्छ राहते.

प्रश्न : वीजबिल वाचवण्यासाठी आम्ही तलावाचा पंप रोज तीनच तास चालवतो. क्लोरीन आणि पीएच अगदी योग्य असूनही पाण्याला चकाकी नाही. एवढा वेळ पुरत नाही का?
— समिती सदस्या, नाशिक

उत्तर : पुरत नाही. तलावात जेवढे पाणी आहे तेवढे पंपातून एकदा गेले म्हणजे सगळे पाणी गाळले गेले, असा समज सर्वत्र आहे. गाळलेले पाणी परत येऊन न गाळलेल्या पाण्यातच मिसळते, त्यामुळे एका फेरीत प्रत्यक्षात सुमारे ६३ टक्केच पाणी फिल्टरमधून जाते, दोन फेऱ्यांत ८६ आणि तीन फेऱ्यांत ९५ टक्के. आपल्या पंपाला एका फेरीस सहा तास लागत असतील, तर तीन तासांत अर्धीच फेरी होते. गर्दीच्या दिवसांत निदान दोन फेऱ्या व्हाव्यात आणि त्यांपैकी बराच भाग लोक पोहत असताना व्हावा.

फिल्टरच्या दाबमापकाकडेही पाहावे. बॅकवॉश (पाणी उलटे सोडून फिल्टर धुणे) केल्यानंतरचा दाब पेनाने तिथेच लिहून ठेवावा आणि तो अर्ध्या बारहून अधिक चढला की पुन्हा बॅकवॉश करावा. रोज सकाळी सवयीने बॅकवॉश करणारे पाणीही वाया घालवतात आणि गाळणही बिघडवतात, कारण किंचित मळलेली वाळू नव्या वाळूपेक्षा बारीक कण धरते. वाळू भरून सहा-सात वर्षे झाली असतील तर मात्र ती बदलण्याचा विचार करावा.

प्रश्न : कर्जतजवळच्या आमच्या शेतघरावर ६० हजार लिटरचा, दीड मीटर खोलीचा तलाव आहे. दीड वर्षापासून टीसीसीए ९० या क्लोरीनच्या गोळ्या वापरतो, महिन्याला सुमारे दोन किलो लागतात. क्लोरीन नेहमी ३ पीपीएम दिसतो, पीएच ७.३ असतो, तरी मार्चपासून पाणी धुरकट हिरवे होते. शेवाळासाठी मोरचूद टाकले, तेव्हा आठवडाभर बरे वाटले. आता कोणी हायड्रोजन पेरॉक्साइड सुचवतो आहे. काय करावे?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : पेरॉक्साइड टाकू नये. रिओ ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०१६ मध्ये सूर मारण्याचा तलाव स्पर्धा चालू असताना हिरवा झाला, तो प्रकार आपल्याला आठवत असेल. तिथे पाण्यात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड गेले होते. क्लोरीन आणि पेरॉक्साइड एकमेकांना निष्प्रभ करतात, आणि पहारेकरीच नाहीसा झाल्यावर शेवाळाला कोण अडवणार?

आपल्या तलावातला पहारेकरी नाहीसा झालेला नाही, त्याचे हात बांधले गेले आहेत. टीसीसीएच्या गोळीत क्लोरीनसोबत सायन्युरिक आम्ल असते, आणि ते वजनाच्या निम्म्याहून थोडे अधिक भरते. उन्हापासून क्लोरीनला वाचवणारा स्थिरक तो हाच, आणि ३० ते ५० पीपीएमपर्यंत तो उपकारकच आहे. पण क्लोरीन खर्च होतो आणि सायन्युरिक आम्ल पाण्यातच राहते. दोन किलो गोळ्यांतून सुमारे ११०० ग्रॅम सायन्युरिक आम्ल येते, ६० हजार लिटरमध्ये ते १८ पीपीएम होते. हे दर महिन्याला साचत गेले तर वर्षभरात दोनशेच्या पुढे जाते. मागच्या पावसाळ्यात काही वाहून गेले असेल, बॅकवॉशमध्ये काही गेले असेल, तरी आज ते शंभराच्या बरेच वर असावे. क्लोरीन निदान सायन्युरिक आम्लाच्या साडेसात टक्के असावा, असा एक ढोबळ नियम आहे. ४० पीपीएमला ३ पीपीएम क्लोरीन पुरतो, १५० ला अकरा लागतात. आपला ३ चा आकडा खरा असूनही शेवाळाला त्याची भीती वाटत नाही, ती यामुळे.

खात्रीसाठी सायन्युरिक आम्लाचा वेगळा तपासणी संच मागवावा. त्यात तळाशी काळा ठिपका असलेली नळी असते, औषध मिसळलेले पाणी तीत हळूहळू ओततात आणि ठिपका दिसेनासा होतो त्या पातळीवरचा आकडा वाचतात. ही तपासणी कंत्राटदार सहसा करत नाहीत, आणि गोळ्या विकणारा ती करायला सांगेल अशी अपेक्षाही ठेवू नये.

उपाय एकच आहे, पाणी बदलणे. निम्मे बदलले की प्रमाण निम्मे होते. आत्ता पाणी दुर्मीळ असेल तर गोळ्या बंद करून द्रव हायपोक्लोराइटवर यावे, क्लोरीन आठ-दहापर्यंत चढवून भिंती घासून काढाव्यात आणि तो ३-४ वर येईपर्यंत कोणी उतरू नये. मग पावसाची वाट पाहावी. कर्जतला एका पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे आपल्या दीड मीटर खोल तलावाच्या डोक्यावर त्याच्या खोलीच्या दुपटीने पाणी आकाशातून येते. ओसंडणारे पाणी जाऊ द्यावे, शक्य तर पंप ‘वेस्ट’वर ठेवून खालचे जुने पाणी काढत राहावे. गणपतीपर्यंत सायन्युरिक आम्ल एक पंचमांशापर्यंत उतरलेले दिसेल. त्यासोबत अल्कलिनिटीही उतरते, म्हणून जुलैपासून दर आठवड्याला ती मोजून खाण्याचा सोडा घालावा लागेल. पावसाळ्यात तलाव पूर्ण रिकामा मात्र करू नये. भोवतीची जमीन पाण्याने भरलेली असते आणि तिचा दाब रिकाम्या टाकीला खालून उचलू पाहतो. अशाने तलावांचे तळ तडकतात.

मोरचूद शेवाळ मारते हे खरे, पण त्यातले तांबे पाण्यात साचते, भिंतींवर डाग पाडते आणि पोहणाऱ्यांच्या केसांना हिरवी झाक आणते. पुन्हा टाकू नये. आणि गोळ्या बदलून दुसरा क्लोरीन आणाल तेव्हा जुनी डबी किंवा जुने माप वापरू नये. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र आले तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो.

प्रश्न : माझी मुलगी एका बंदिस्त तलावात पोहायला शिकते. तिथे क्लोरीनचा उग्र वास येतो, तिचे डोळे लाल होतात आणि रविवारी गर्दीनंतर पाणीही धुरकट दिसते. व्यवस्थापनाला क्लोरीन कमी करायला सांगावे का?
— एक आई, ठाणे

उत्तर : कदाचित त्यांना तो वाढवायला सांगावे लागेल. त्या वासाला आपण क्लोरीनचा वास म्हणतो, पण तो क्लोरामाइनचा असतो. घाम, लघवी आणि अंगावरचा मळ यांतील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होते. डोळे तेच चुरचुरवते आणि बंदिस्त जागेत हवा खेळती नसेल तर छातीलाही त्रास देते. चांगल्या राखलेल्या तलावाला फारसा वास नसतो.

व्यवस्थापनाला दोन आकडे विचारावेत, मुक्त क्लोरीन आणि एकूण क्लोरीन. पिवळा रंग दाखवणारा जुना संच फक्त एकूण क्लोरीन सांगतो, गुलाबी रंगाचा डीपीडी संच दोन्ही वेगळे सांगतो. दोन आकड्यांतील फरक ०.५ च्या वर असेल तर तेवढे क्लोरामाइन साचले आहे. फरकाच्या दहापट क्लोरीन एकाच वेळी दिला तर ते मोडते. फरक ०.८ असेल तर रात्री, खिडक्या उघड्या आणि पंखे चालू ठेवून, क्लोरीन ८ पीपीएमपर्यंत न्यावा लागेल. तो ३ च्या खाली आल्याशिवाय तलाव उघडू नये.

मुलीला पाण्यात उतरण्याआधी साबण लावून नीट अंघोळ घालावी. नुसते शॉवरखालून पळत जाणे ही अंघोळ नव्हे.

प्रश्न : आमच्या कृषिपर्यटन केंद्रात ४० हजार लिटरचा नवा टाइल्सचा तलाव विहिरीच्या पाण्याने भरला. पाणी स्फटिकासारखे होते, पण क्लोरीन टाकताच तासाभरात काळ्या चहासारखे झाले. पीएच ६.४, अल्कलिनिटी ३०, हार्डनेस ४०. क्लोरीन भेसळीचा होता का?
— केंद्रचालक, दापोली

उत्तर : क्लोरीनचा दोष नाही. जांभ्यातून झिरपलेल्या आपल्या पाण्यात लोह विरघळलेले आहे. विहिरीत ते दिसत नाही, क्लोरीनची गाठ पडली की त्याचा गंज होतो आणि पाणी तांबूस होते. आपला प्रश्न बाणेरच्या नेमका उलट आहे. त्यांचे पाणी चुना सोडते, आपले मऊ आणि आम्लधर्मी पाणी टाइल्सच्या सांध्यांतले सिमेंट खात राहील.

प्रथम अल्कलिनिटी ८० वर न्यावी. त्यासाठी सुमारे साडेतीन किलो खाण्याचा सोडा लागेल, त्याने पीएचही सुधारेल. पीएच ७.२ च्या आसपास आला की क्लोरीन २-३ पीपीएम ठेवून एक दिवस पाणी फिरवावे, म्हणजे सगळे लोह एकदाचे बाहेर येईल. मग वर सांगितल्याप्रमाणे तुरटी वापरून गाळ ‘वेस्ट’वर ओढावा. येथे तुरटी सव्वा किलो पुरेल, पण ती अल्कलिनिटी खाते, म्हणून नंतर पुन्हा मोजावे. पाणी निवळल्यावर हार्डनेस दोनशेपर्यंत नेण्यासाठी साधारण नऊ किलो कॅल्शियम क्लोराइडच्या चकत्या दोन-तीन दिवसांत विभागून घालाव्यात. बादलीत विरघळवताना पाणी चांगलेच तापते, तेव्हा प्लॅस्टिकची पातळ बादली घेऊ नये. सोडा आणि कॅल्शियम एकाच दिवशी घातले तर तलाव पांढरा होतो, मध्ये एक दिवस जाऊ द्यावा.

पुढे भर घालताना विहिरीचे पाणी थेट तलावात सोडू नये. ते उघड्या टाकीत उंचावरून पाडावे, थोडा क्लोरीन घालून रात्रभर ठेवावे आणि वरचे निवळलेले पाणीच घ्यावे. टाइल्सवर तपकिरी डाग उरले असतील तर क जीवनसत्त्वाची एक गोळी डागावर अर्धा मिनिट दाबून धरावी. खालचा डाग फिका पडला तर तो लोहाचाच आहे, आणि अशा डागांना तारेच्या ब्रशने घासून टाइलची चकाकी घालवू नये.